सांतानाचं चर्च: पडलेल्या चर्चचा जिवंत नमुना

जुन्या गोव्यातल्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक एकाकी मनोरा उभा आहे. उंची 46 मीटर. ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी बांधलेल्या आणि 1602 मध्ये पूर्ण झालेल्या भव्य चर्चचा हा उरलेला तुकडा. 1835 मध्ये पोर्तुगीज सत्तेने साधूंना बाहेर काढलं आणि वास्तू ओस पडली. 1842 मध्ये छत खाली आलं, 1931 मध्ये दर्शनी भिंत. ती भिंत उभी असताना कशी दिसत असेल, याचा अंदाज घ्यायचा असेल तर तिसवाडीतल्याच तळावली गावी जावं. तिथलं संत आनाचं चर्च, लोकांच्या तोंडी ‘सांताना’, त्याच वळणावर बांधलेलं आहे: पाच मजली दर्शनी भाग आणि दोन्ही अंगांना मनोरे.

भाताच्या शेतांमधल्या गावाला एवढं चर्च कशाला, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतंच. काम 1681 मध्ये फ्रान्सिस्कु दु रेगु या पाद्रीने सुरू केलं आणि 1695 मध्ये आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्य यांनी तडीस नेलं. आराखडा युरोपच्या बरोक शैलीतला, पण जांभा इथला, चुना इथला आणि हातही इथलेच. जांभा सच्छिद्र. उघडा ठेवला तर कोकणातला पाऊस त्याला पोखरतो, म्हणून त्यावर चुन्याचा जाड गिलावा. नक्षी त्या गिलाव्यातच उठवलेली, त्यामुळे गिलावा सुटला की नक्षीही जाते. दुरुस्ती इतकी जिकिरीची का, हे यावरून कळावं.

मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते भिंतींचं. त्या आतून पोकळ आहेत. माणूस चालू शकेल एवढी वाट भिंतीच्या पोटातून जाते, आणि पापकबुलीच्या जागाही तिथेच कोरलेल्या.

संत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. जुलै अखेरीस, ऐन पावसात, तिचं ‘तवशाचं फेस्त’ भरतं. तवसं म्हणजे काकडी. मालवणी माणसाला हे सांगायला नको. मूल हवं असलेली जोडपी तिला तवसं वाहतात. नवस पोर्तुगीजमध्ये यमक जुळवून म्हणायचा, पेपिनु घे नि मिनिनु दे: काकडी घे, मूल दे. बायको हवी असलेला गडी चमचा वाहतो, कारण कुल्येर म्हणजे चमचा आणि मुल्येर म्हणजे बायको.