कौटुंबिक आर्थिक-सामाजिक स्तर आणि मुलांचे समाजविघातक वर्तन

मारामारी, दमदाटी, चोरी, तोडफोड अशा मुलांच्या वर्तनाचा घरच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीशी काय संबंध आहे, याचा मानसशास्त्र व गुन्हेशास्त्रातील अभ्यास. पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांची बातमी आली, की ‘वस्तीतली पोरं’ हे उत्तर तयारच असते. हे उत्तर घाईचे आणि अन्यायाचे आहे.

भारतातील शहरी अभ्यासांत स्तर मोजायला बहुधा कुप्पुस्वामी मापनश्रेणी (1976) वापरतात. कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घराचे मासिक उत्पन्न यांना गुण देऊन कुटुंब पाचांपैकी एका वर्गात बसवले जाते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची कमाई यात येते. पण कागदावर प्रमुख नवरा असला, तर तिच्या शिक्षणाला आणि कामाला गुण नाहीत. ही उणीव मोठी आहे, कारण मुलावर लक्ष बहुतेक तिचेच असते.

पिओत्रोव्स्का व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 133 अभ्यास एकत्र तपासले. स्तर खालावला की असे वर्तन वाढते, हे दिसले. पण सहसंबंध उणे 0.1 च्या आसपास (पूर्ण उलटा संबंध असता तर तो उणे 1 आला असता), म्हणजे क्षीणच. पालक-शिक्षकांच्या सांगण्यात तो जास्त दिसतो, मुलांच्या स्वतःच्या सांगण्यात कमी.

गरिबी मुलापर्यंत पोचते ती घरातल्या ताणातून, असे रँड काँगर व ग्लेन एल्डर या संशोधकांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील शेतीसंकटात सापडलेल्या कुटुंबांवरून मांडले. रिक्षाचा हप्ता थकतो, नवरा-बायकोत धुसफूस सुरू होते, क्षुल्लक कारणावरून पोराला मार बसतो आणि तो रात्री कुणाबरोबर हिंडतो हे विचारायची कुणाला उसंत नसते. याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेतल्याच उत्तर कॅरोलिना राज्यात मिळाला. तिथे मुलांची पाहणी चालू असतानाच चेरोकी आदिवासींच्या भागात कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा घरोघरी जाऊ लागला. जेन कॉस्टेलो यांच्या 2003 च्या निबंधानुसार, गरिबीतून वर आलेल्या घरांतील मुलांची वर्तनविषयक लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. चिंता व नैराश्य मात्र तसेच राहिले. आई-वडिलांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळाला, हे मुख्य कारण निघाले.

स्वीडनमधील 2014 च्या अभ्यासात मात्र एकाच घरातील भावंडांची तुलना केल्यावर उत्पन्न आणि हिंसक गुन्हे यांचा संबंध उरला नाही, म्हणजे कारण उत्पन्नात नसून भावंडांत समान असलेल्या इतर कौटुंबिक गोष्टींत असू शकते. कँडिस ऑजर्स यांना ब्रिटनमध्ये श्रीमंत शेजारात राहणाऱ्या गरीब मुलग्यांत असे वर्तन अधिक आढळले. जनता वसाहतीसारखी झोपडपट्टी आणि सहकारनगरसारखा सुखवस्तू भाग शेजारीशेजारी असलेल्या पुण्यात हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे आले, की परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) 15 दिवसांत त्याच्या घरादाराचा सामाजिक अहवाल द्यायचा असतो. येरवड्यातील मंडळापुढे येणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. त्यात उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा संध्याकाळी मुलाजवळ घरी कोण असते, ही नोंद अधिक कामाची.