दोन कॉन्स्टन्स: एक अँटिऑकची, एक सिसिलीची

बाराव्या शतकातल्या नॉर्मन लोकांबद्दल वाचताना कॉन्स्टन्स हे नाव आलं की आधी बघायचं, कुठली? दोघी ओतविल या नॉर्मन राजघराण्यातल्या, दोघींच्या वारशावर इतरांचा डोळा, त्यामुळे एकीची गोष्ट दुसरीला सर्रास चिकटवली जाते. वंशावळ काढली तर अँटिऑकवाली ही सिसिलीवालीची लांबची पुतणी लागते, पण वयानं तीच पंचवीसएक वर्षांनी मोठी, एवढं डोक्यात बसलं तरी बराच गुंता सुटतो.

अँटिऑक म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या; तेव्हा तिथं क्रुसेडसाठी (धर्मयुद्धासाठी) आलेल्या युरोपीय ख्रिश्चनांचं राज्य होतं. ११३० मध्ये बाप, दुसरा बोहेमंड, लढाईत मारला गेला तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची. भाऊ नाही, म्हणजे राज्य हिचंच. पण आई ॲलिसला कारभार स्वतःच्या हातात हवा होता, आणि तिकडे सिसिलीत त्याच वर्षी राजा झालेला दुसरा रॉजर म्हणतोय की घराण्यातला पुरुष मी, अँटिऑक माझं. मग जेरुसलेमच्या राजानं आणि सरदारांनी मिळून गुपचूप पॉइटियर्सच्या रेमंडला बोलावलं, रॉजरची माणसं त्याला वाटेत पकडायला टपलेली म्हणून तो वेष बदलून आला, ॲलिसची समजूत अशी करून दिलेली की लग्न तुझ्याशीच आहे, ती तयारीत गुंतलेली आणि इकडे चर्चमध्ये आठेक वर्षांच्या पोरीशी त्याचं लग्न लावून मोकळे. हे वाचताना मला दरवेळी त्या पोरीचं वाईट वाटतं, तिला कोणी विचारलंसुद्धा नसणार. म्हणूनच पुढचं फार आवडतं: ११४९ मध्ये रेमंड लढाईत गेला, जेरुसलेमचा राजा आणि कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाईन सम्राट दोघांनी स्थळं सुचवली, हिनं सगळी नाकारली आणि ११५३ मध्ये स्वतःच्या मर्जीनं रेनाल्ड नावाच्या साध्या सरदाराशी लग्न केलं.

सिसिलीची कॉन्स्टन्स म्हणजे त्याच रॉजरची मुलगी, बाप गेल्यावर ११५४ मध्ये जन्मलेली. राजा असलेला तिचा पुतण्या दुसरा विल्यम ११८९ मध्ये निपुत्रिक वारला, वारस हीच. पण नवरा जर्मनांचा राजा, हेन्री. जर्मनांचं राज्य नको म्हणून सरदारांनी तिच्या भावाच्या अनौरस मुलाला, टँक्रेडला, गादीवर बसवलं. रॉजरनं अँटिऑकच्या मुलीचा हक्क डावलायला बघितला, त्यानंतर साठेक वर्षांनी त्याच्याच मुलीचा हक्क त्याच्याच नातवानं डावलला! ११९१ मध्ये तर ती सालेर्नोत टँक्रेडच्या हाती कैद झाली. टँक्रेड ११९४ मध्ये वारला, हेन्रीनं नाताळला पालेर्मोत मुकुट घातला, आणि दुसऱ्याच दिवशी येसी गावात चाळिशीतल्या कॉन्स्टन्सला मुलगा झाला, फ्रेडरिक. (तिनं भर चौकात तंबू ठोकून सगळ्यांसमोर बाळंतपण केलं ही कथा नंतरची.)

शेवट मात्र अगदी उलटे आहेत. अँटिऑकवालीला ११६३ च्या सुमारास पोटच्या मुलानंच, तिसऱ्या बोहेमंडनं, सत्तेवरून हटवलं. सिसिलीवालीनं ११९८ मध्ये स्वतः साडेतीन वर्षांच्या पोराला पालेर्मोत राज्याभिषेक करवला, त्याच्या बापाकडून आलेली जर्मन राजपदवी कागदपत्रांतून काढून टाकली, आणि त्याच नोव्हेंबरात ती गेली.