डिमेंशिया: गोळी कोल्हापुरात पोचली, मदत अजून पोचायचीय

आज कोल्हापुरात कुणाच्या घरी डिमेंशिया (म्हणजे विसरभोळेपणा वाढत जाऊन रोजचं वागणंही जमेनासं होणं) निघाला तर न्यूरोलॉजिस्ट आहेत, एमआरआय होतो, गोळ्या मिळतात, पण मग पुढं काय? पुढं सगळं घरातल्या सूनबाईवर. हे असंच का झालं ते कळायला जरा मागं जावं लागतं.

1906 मध्ये जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या बाईंची केस पहिल्यांदा मांडली, डिमेंशियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार त्यांच्याच नावानं अल्झायमर म्हणून ओळखला जातो (योगायोग बघा, त्याच साली इकडं राजर्षी शाहूंनी शाहू मिल काढली). पण त्या बाई होत्या पन्नाशीतल्या, त्यामुळं कितीतरी वर्षं डॉक्टरसुद्धा हा कमी वयातला दुर्मिळ आजार धरून चालले, आणि सत्तरीतला माणूस विसरायला लागला की ते वयाचंच म्हणायचं. पेशंटला घरी बघणाऱ्यांनाही आधार लागतो हे लावून धरलं ते जास्त करून घरच्या लोकांनीच. ब्रिटनची अल्झायमर्स सोसायटी 1979 ची, जागतिक संघटना 1984 ची.

भारतात हे काम 1992 ला केरळात सुरू झालं. डॉ. जेकब रॉय यांच्या वडिलांनाच हा आजार होता, त्यातनं एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था उभी राहिली, मग डे केअर, स्मरणशक्ती तपासायचं मेमरी क्लिनिक, मोठ्या शहरांत शाखा वगैरे. मोठ्या शहरांत, हे लक्षात ठेवा.

मला विचाराल तर आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम झालं ते शेजारच्या गोव्यात. तिथं आधी अभ्यासात दिसलं की लोक याला आजार मानतच नाहीत, आणि घरात बघणाऱ्यावर केवढा ताण येतो ते कुणाच्या खिजगणतीत नाही. मग मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या तिथल्याच संगाथ संस्थेच्या लोकांनी 81 कुटुंबं घेऊन एक प्रयोग केला, तो 2008 ला छापून आला. गावातल्याच, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या शिकलेल्या लोकांना थोडं ट्रेनिंग द्यायचं, त्यांनी सहा महिने पंधरा दिवसांतनं एकदा तरी घरी जायचं, आजार समजावून सांगायचा, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवायचं, सरकारी योजनेचं सांगायचं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायचं. आजार हटला नाही, हटणारच नव्हता, पण बघणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं. ना बिल्डिंग, ना मशीन. अहो आपल्याकडं आशाताई घरोघर फिरतातच की!

सरकारनं मात्र वेगळा रस्ता धरला. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः पोटगीचा, म्हणजे पोरं बघत नाहीत त्या आईबापांसाठी. चांगलाच आहे, पण जी पोरं बघतायत आणि बघून बघून पार मोडलीयत त्यांना त्यात काय? 2010 मध्ये वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्याचा भर दवाखान्यावर. आणि इथल्या लोकांना सरकारी मानसिक उपचार म्हटलं की आंबा घाट उतरून रत्नागिरीचं मनोरुग्णालय डोळ्यासमोर येतं, म्हणून लोक आधी गप्पच बसतात.

आकडे वाढतायत. 2010 च्या रिपोर्टात देशात 37 लाख पेशंट होते, 2023 च्या अभ्यासात 88 लाख, साठीपुढच्यांत 7.4 टक्के (मोजायची पद्धत वेगळी आहे, सगळी वाढच धरू नका). शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त निघालं, आणि खेड्यातच सोय सगळ्यात कमी.

घरात हे कसं असतं? समजा मिलमधनं रिटायर झालेले आजोबा, रात्री दोनला उठून डबा मागतात, पाळी चुकंल म्हणतात, मिल कधीची बंद पडलीय हे सांगून उपयोग नाही, उलट भडकतात. मग दाराला वरनं कडी, शर्टाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, आणि परवडत असेल तर नर्सिंग ब्युरोची मावशी बारा तासांसाठी. 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड आहे, पण ते ॲडमिट झालं तरच चालतं, मावशीचा पगार त्यात बसत नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे रात्री दोनला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावायचा, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलतात. बघणाऱ्यानं स्वतःसाठी लावला तरी चालतो.