तुमच्या घरातला फायबरचा डबा ऑफिसला काय कळवतो?

परभणी, सेलू, मानवत आणि पाथरीतल्या आमच्या ग्राहकांसाठी

नेट बंद पडलं की आम्ही फोनवर आधी विचारायचो, "लाईट आहे का?" आता बहुतेक वेळा ते विचारावं लागत नाही. लाईट गेली की घरातला ओएनयू (फायबर जोडलेला छोटा डबा) विझता विझता वीज गेल्याचा संदेश पाठवतो. हा संदेश न येताच संपर्क तुटला, तर बहुधा फायबर तुटलेली असते. एका गल्लीतली सगळी घरं एकदम गेली, तर केबल जेसीबीखाली आल्याची शक्यता मोठी. मग आमचा माणूस तुमच्या दारात न येता थेट खड्ड्याकडे जातो.

डबा एका कंपनीचा आणि ऑफिसातलं ओएलटी (सगळ्या घरांच्या फायबर जिथून निघतात ते यंत्र) दुसऱ्या कंपनीचं असलं, तरी दोघांनी काय आणि कसं बोलायचं हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.988 या मानकात ठरवून दिलं आहे. मात्र काही कंपन्या त्यात स्वतःची भर घालतात आणि मग जोडी नीट जुळत नाही. म्हणून ऑनलाईन स्वस्त ओएनयू मागवण्याआधी मॉडेल आम्हाला कळवा. पैसे वाया गेलेले आम्हालाही बघवत नाहीत.

याच मार्गानं तुमच्या घरी पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडाही दिसतो. आपल्या जीपॉन लाईनवर (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) तो उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) दरम्यान लागतो. उणे 25 च्या खाली घसरू लागला, की तुमच्या तक्रारीआधीच आम्ही फोन करतो. कारण बरेचदा साधं असतं: कपाटामागे दुमडलेली वायर, मळलेला कनेक्टर किंवा जॉइंट बॉक्समध्ये शिरलेलं पावसाचं पाणी.

राऊटर लांबून सांभाळण्यासाठी टीआर-069 हे वेगळं मानक आहे, 2004 सालचं. वायफायचा पासवर्ड विसरलात तर त्यावरूनच आम्ही ऑफिसातून बदलून देतो. राऊटरला किती मोबाईल जोडलेत तेही त्यात दिसतं. कोण काय पाहतंय ते त्यात येत नाही.

आमच्या स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारं उपकरण) देखरेखीसाठी एसएनएमपी या यंत्रांवर लांबून लक्ष ठेवायच्या पद्धतीची तिसरी आवृत्ती आहे. पहिल्या दोन आवृत्त्यांत पासवर्ड उघडाच जायचा, म्हणून त्या आम्ही बंद ठेवल्या आहेत.

एक विनंती मनापासून: राऊटरमागच्या छिद्रातलं रीसेट बटण दाबू नका. सगळी सेटिंग पुसली जाते, आमचा संपर्कही तुटतो आणि माणूस घरी पाठवावाच लागतो. डब्यावरचा एलओएसचा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर डबा चालूच ठेवा आणि फोन करा.