डिस्क दोन्हीत नाही, पण पीएस५ डिजिटल वेगळा आणि सिरीज एस वेगळी

दोन्हीला डिस्कची फट नाही, दोन्ही आपापल्या मोठ्या भावंडापेक्षा स्वस्त, म्हणून लोक सोनीचा पीएस५ डिजिटल आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स सिरीज एस हे दोन गेम कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचे डबे) एकाच पंगतीत बसवतात. पंगत चुकतेय राव.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत डिजिटल ३९९ डॉलर आणि डिस्कवाला ४९९, तर सिरीज एस २९९ आणि सिरीज एक्स ४९९. आपल्याकडे पीएस५ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिजिटल ३९,९९० ला, सिरीज एस त्याआधीच ३४,९९० ला मिळत होती (हे तेव्हाचे भाव हां, नंतर वाढले).

आता सोनीने काय केलं, तर फक्त ड्राइव्ह काढला. चिप तीच, १६ जीबी रॅम तीच, ८२५ जीबी एसएसडी (गेम साठवायची जागा) पण तीच, त्यामुळे गेम डिस्कवाल्यावर आणि डिजिटलवर सारखाच चालतो. मायक्रोसॉफ्टने मात्र आतूनच कात्री लावली, प्रोसेसर जवळपास तोच ठेवला पण जीपीयू (चित्र काढणारा भाग) सिरीज एक्सच्या १२ टेराफ्लॉपवरून (हे त्याच्या ताकदीचं माप) ४ वर, रॅम १६ वरून १०, एसएसडी १ टीबीऐवजी ५१२ जीबी आणि त्यातले हातात येतात ३६४, म्हणजे शंभरेक जीबीचे तीन मोठे गेम टाकले की चौथ्यासाठी कुणाला तरी उडवा. घरी फुल एचडी टीव्ही असेल तर चित्रात फारसं काही अडत नाही, मला तर तो छोटा पांढरा डबा आवडतोही, पण रॅम कमी पडते ती पडतेच. बाल्डर्स गेट ३ हा गेम पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एस वर स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीवर पडदा वाटून दोघांनी खेळणं) जमेना. शेवटी तिच्यापुरती ती सोय वगळून गेम काढला, पॅचमधून (नंतरच्या अपडेटमधून) आली ती थेट २०२५ ला.

डिजिटलचा फटका नंतर बसतो. सेकंडहँड डिस्क नाही, खेळून झाल्यावर विकणं नाही, मित्राकडून आठवडाभर मागून आणणं नाही, स्टोअर सांगेल तो भाव. माझ्या मावसभावाला वाढदिवसाला कुणीतरी डिस्क दिली तर हा डबा उलटासुलटा करून फट शोधतोय! त्याचा डिजिटल २०२३ चा स्लिम (नंतर आलेलं बारीक मॉडेल) होता म्हणून बरं, त्याला ड्राइव्ह वेगळा आणून बाजूला बसवता येतो, एकदा नेटवरून जोडून घ्यायचा की झालं. सिरीज एस च्या १० जीबीचे १६ करून देणारं दुकान अजून कुठे नाही.