सुई कुणाचं ऐकते? ठाणे-नवी मुंबईत होकायंत्र शिकताना

वडाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहा. १४० अंशांची दिशा धरून ऐंशी पावलं चाला. तिथून २६० अंशांवर पाण्याची टाकी दिसली तर जागा बरोबर आहे. आता जवळचा मोठा दगड शोधा, डबा त्याच्या मागे आहे.

लेटरबॉक्सिंग या खेळातली चिठ्ठी साधारण अशी असते. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा परत ठेवायचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचं. त्या बाटलीतून हा खेळ वाढला. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि लगेच जिओकॅशिंग सुरू झालं, त्यात फोन किंवा जीपीएस यंत्र थेट जागेवर नेतं. मला मात्र लेटरबॉक्सिंगच जवळचं वाटतं. त्यात होकायंत्र लागतं, आणि ते नीट वापरायचं तर पायाखालच्या पृथ्वीबद्दल थोडं समजून घ्यावंच लागतं.

नवशिक्याने पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र घ्यावं. ते हातात घेऊन नीट बघा. पट्टीवर पुढे रोखलेला एक बाण आहे, तो चालण्याची दिशा दाखवतो. त्यामागे ० ते ३६० अंशांची फिरणारी तबकडी आहे: ९० म्हणजे पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. तबकडीच्या तळाशी एका बाणाची पोकळ आकृती रेखलेली आहे, ती तबकडीबरोबर फिरते. आणि या सगळ्याच्या वर, द्रवाने भरलेल्या कुपीत, टोकावर तोललेली चुंबकीय सुई असते. तिचं एक टोक लाल असतं. द्रव असतो तो सुईचं हेलकावणं लवकर थांबावं म्हणून.

१४० अंशांवर जायचं तर तबकडी फिरवून १४० हा आकडा बाणाच्या रेषेवर आणा. होकायंत्र छातीसमोर आडवं धरा, कोपरं अंगाला टेकलेली ठेवा. आता तबकडीला हात न लावता, मनगट न वळवता, स्वतः जागच्या जागी फिरा, सुईचं लाल टोक पोकळ बाणाच्या टोकात बसेपर्यंत. पट्टीवरचा बाण आता १४० अंशांकडे रोखलेला आहे. त्या रेषेतलं एखादं झाड किंवा दिव्याचा खांब हेरा, होकायंत्र खाली करा आणि त्या खुणेकडे चालत जा. सुईकडे बघत चालणारा माणूस हमखास एका बाजूला सरकत जातो, म्हणून डोळे खुणेवर हवेत. लाल टोकाऐवजी दुसरं टोक आकृतीत बसवलं तर माणूस बरोबर उलट दिशेला निघतो. ही गल्लत नव्या माणसाकडून सर्रास होते.

ती ओळखायला सूर्य मदत करतो, पण आपल्या अक्षांशावर जरा जपून. सकाळी पूर्व आणि संध्याकाळी पश्चिम यात अडचण नाही. दुपारची सावली उत्तरेला पडते हे शाळेत शिकलेलं मात्र इथे वर्षभर खरं नसतं. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. त्यातही निम्मा काळ ढगांचा! होकायंत्राची खरी गरज तेव्हाच लागते.

आता मूळ प्रश्न. सुई उत्तरेकडे का वळते? जमिनीखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर पृथ्वीचा बाह्य गाभा सुरू होतो. तिथलं लोखंड हजारो अंश तापमानाला वितळलेलं आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं, त्यामुळे पृथ्वीच्या पोटात एखादा मोठा लोहचुंबक आडवा ठेवलेला असणं शक्यच नाही. हा वितळलेला धातू आतल्या उष्णतेने आणि पृथ्वीच्या फिरण्याने सतत वाहत असतो, त्या वाहण्यातून विजेचे प्रवाह तयार होतात आणि प्रवाहांतून चुंबकीय क्षेत्र. सुई या क्षेत्राच्या रेषेत उभी राहते. भौगोलिक उत्तर ध्रुवाशी तिचं काही देणंघेणं नसतं, म्हणून बहुतेक ठिकाणी चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात काही अंशांचा फरक पडतो. १८२० च्या सुमारास लंडनमध्ये तो २४ अंशांच्या आसपास होता. गाभ्यातले प्रवाह बदलतात तसा हा फरकही बदलतो.

ठाणे-नवी मुंबईचं नशीब इथे जोरावर आहे. आपल्याकडे हा फरक एका अंशापेक्षाही कमी आहे. डार्टमूरवर पूर्वी शिकणाऱ्याला नकाशावरचा कोन आणि सुईचा कोन यांत दर वेळी बेरीज-वजाबाकी करावी लागे. आपल्याला नकाशावर मोजलेला कोन तसाच्या तसा तबकडीवर लावता येतो.

दुसरी सोय सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात, त्या तिरप्या जमिनीत शिरतात. मुंबई परिसरात हा तिरपेपणा साधारण पंचवीस-सत्तावीस अंश आहे, इंग्लंडात पासष्टच्या पुढे. सुई वळते ती क्षेत्राच्या आडव्या भागामुळे, उभा भाग तिचं उत्तरेकडचं टोक नुसतं खाली ओढतो. आपल्याकडे क्षेत्राचा आडवा भाग इंग्लंडच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे सुई ठामपणे वळते आणि लवकर स्थिरावते. यातूनच विकत घेतानाची एक गोष्ट निघते. युरोपासाठी बनवलेल्या होकायंत्रात उत्तरेकडचं टोक खाली झुकू नये म्हणून सुईचा तोल दुसऱ्या बाजूला जरासा जड ठेवलेला असतो. तेच यंत्र इथे आणलं की सुईचं दक्षिण टोक खाली कलतं आणि कधी कधी कुपीच्या तळाला घासतं. घेताना होकायंत्र आडवं धरून सुई मोकळी फिरते ना, एवढं जरूर बघा.

एवढी सोय असताना अडचण येते ती लोखंडाची. पृथ्वीचं क्षेत्र इथे सुमारे ४३ मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), म्हणजे फारच क्षीण आहे. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबकसुद्धा जवळून त्याच्या शंभरपटीहून जोरदार असतं. सुईला पृथ्वी कोणती आणि फोनच्या कव्हरमधलं चुंबक कोणतं हे कळत नाही. ज्या जागी ती आहे तिथल्या सगळ्या क्षेत्रांची बेरीज होऊन जी दिशा येते, त्या दिशेला ती उभी राहते. घरी लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवा आणि फोन लांबून हळूहळू जवळ आणा. हातभर अंतरावर काहीच होत नाही. वीतभर अंतरावर सुई चळायला लागते आणि चार बोटांवर आणलात तर पार वळून जाते. छोट्या चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर निम्मं केलं की परिणाम आठपट होतो. म्हणून दोन पावलं मागे सरकणं हा कितीतरी चुकांवरचा पुरेसा उपाय असतो.

हाच प्रयोग घराबाहेर करा. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये किंवा उपवन तलावाच्या काठी, सुई स्थिर ठेवून लोखंडी कठड्याकडे किंवा उभ्या मोटारीकडे सावकाश चालत जा आणि ती कुठे हलायला लागते ते बघून ठेवा. सोसायटीच्या गच्चीवर आणि स्कायवॉकवर तर पायाखालीच सळया असतात, तिथला कोन धरूच नये.

अभियांत्रिकीच्या सर्व्हेइंगमध्ये या गडबडीला स्थानिक आकर्षण म्हणतात आणि ते पकडायची रीत फार सोपी आहे. झाडापासून खांबाचा कोन घ्या, म्हणजे पट्टीवरचा बाण खांबाकडे रोखा, लाल टोक पोकळ बाणात बसेपर्यंत तबकडी फिरवा आणि बाणाच्या रेषेवरचा आकडा वाचा. मग खांबापाशी जाऊन तसाच झाडाचा कोन घ्या. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. १४० आणि ३२० आले तर निर्धास्त चाला. १४० आणि ३११ आले तर दोन्हींपैकी एका टोकाला लोखंड आहे, आणि खांब लोखंडी असेल तर संशयित समोरच उभा आहे.

नवी मुंबईत उच्चदाबाच्या तारा जागोजागी डोक्यावरून जातात. त्यांच्याबद्दल लोक विचारतात. त्या तारांतली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांनी उलटसुलट होते, इतक्या वेगाने सुई मागेपुढे होऊच शकत नाही, म्हणून ती तारांकडे दुर्लक्ष करते. मनोऱ्याच्या पोलादाकडे मात्र तिला दुर्लक्ष करता येत नाही. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची गोष्ट वेगळी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या एकदिश प्रवाहाने ही मोजणी बिघडणार, हे उघड होतं. तेव्हा नानाभाई मूस हे वेधशाळेचे संचालक होते. चुंबकीय उपकरणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली आणि काही काळ दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची नोंद आजही अखंड चालू आहे आणि ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेलमध्येच आहे. जगातल्या इतक्या जुन्या आणि सलग नोंदींपैकी एक आपल्या दाराशी आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. कुलाब्याच्या उपकरणांनी २ सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौरवादळही टिपलं होतं. तेव्हा क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (हजार नॅनोटेस्ला म्हणजे एक मायक्रोटेस्ला) घसरला. आकडा मोठा वाटतो, पण तो एकूण आडव्या क्षेत्राच्या चार-पाच टक्केच. खिशातला फोन आपल्या सुईचं याहून जास्त बिघडवतो.

पारसिकच्या डोंगरातला काळा दगडही सुईला थोडाफार खुणावतो. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात आणि लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांच्यात कायमची गोठते. दख्खनच्या पुष्कळशा थरांत ही दिशा आजच्या बरोबर उलट सापडते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. तिच्या तिरपेपणावरून हेही कळतं की त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. होकायंत्र वेगवेगळ्या दगडांना टेकवून बघा: काहींजवळ सुई किंचित हलते, काहींजवळ ढिम्म. मोकळ्यावर उभं राहून कोन घेतला तर याचा त्रास सहसा होत नाही. वीज पडलेल्या सुळक्यावर मात्र दगड जोरकस चुंबकीय झालेला असू शकतो.

दिशा जमली की अंतर. प्रत्येक मैदानात क्रिकेटची खेळपट्टी असते आणि दोन्हीकडच्या यष्ट्यांमधलं अंतर २०.१२ मीटर असतं. त्या अंतरात आपली नेहमीच्या चालीची किती पावलं बसतात ते मोजून ठेवा. चढावर पावलं आखूड पडतात, तेवढं धरून चला. कोनातली चूक अंतराबरोबर वाढते: एक अंश चुकला तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटर सरकतो, पाच अंश चुकला तर जवळजवळ नऊ मीटर. हातातल्या साध्या होकायंत्राने दोन-तीन अंशांची चूक सहज होते. म्हणून चांगली चिठ्ठी लिहिणारा लांबलचक एकच टप्पा देत नाही. तो पन्नास-साठ मीटरचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा एखाद्या ठळक खुणेपाशी संपवतो.

शेवटच्या जागेसाठी दोन दूरच्या खुणांचे कोन द्यावेत, उदाहरणार्थ पाण्याची टाकी २६० आणि देवळाचा कळस १७५. दोन्ही कोन एकाच वेळी जुळतील अशी जागा एकच असते. खुणा मात्र एकमेकींपासून काटकोनाच्या आसपास हव्यात. त्या वीसच अंशांवर असल्या तर दोन्ही रेषा फार निमुळत्या कोनात छेदतात आणि बारीकशा चुकीनेही छेदबिंदू बराच पुढेमागे पळतो.

डबा ठेवण्याबद्दल मी आग्रहाने सांगेन. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे काही लपवून ठेवू नका. बेलापूरच्या किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामाच्या फटीतही नको, डार्टमूरवरही प्राचीन अवशेषांत डबा ठेवायला मनाई आहे. सार्वजनिक बागेत बंद डबा दिसला की लोकांना बेवारस वस्तूची घोषणा आठवते, आणि ती भीती रास्त आहे. सोसायटीचं आवार, शाळेचं पटांगण, ओळखीच्या कुणाची वाडी अशी जागा निवडा आणि तिथल्या जबाबदार माणसाला विचारून ठेवा. डबा पारदर्शक घ्या, वर आत काय आहे ते लिहा, वही झिपच्या पिशवीत घाला. पाऊस सुरू झाला की दगडामागे हात घालण्याआधी काठी फिरवा, त्या फटी विंचवांना आणि सापांनाही आवडतात.

चिठ्ठीवर वर्ष लिहायला विसरू नका. डार्टमूरच्या भागात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक गेल्या चाळीसेक वर्षांत पाच अंशांहून जास्त बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लँगटन मॅट्रॅव्हर्स या गावी चुंबकीय उत्तर, खरी उत्तर आणि नकाशाच्या जाळीची उत्तर (नकाशावर छापलेल्या उभ्या रेषा दाखवतात ती) एका रेषेत आल्या. तिथली जुनी चिठ्ठी आज तशीच्या तशी वापरली तर शंभर मीटरवर माणूस नऊ-दहा मीटर बाजूला पोचेल. वर्ष लिहिलेलं असेल तर त्या वर्षाचा फरक शोधून कोन दुरुस्त करता येतो.