झिजलेल्या गुडघ्याला कोणता व्यायाम?

गुडघ्याचा एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाच्या तोंडी ‘गॅप कमी झाला आहे’ आणि ‘वंगण संपले आहे’ ही दोन वाक्ये हमखास असतात. गुडघा म्हणजे जणू एखादी बिजागरी, असे चित्र त्यांच्यामागे असते आणि त्यातून घरातल्या सर्वांना एकच सल्ला सुचतो, तो म्हणजे झिजले तेवढे पुरे, आता पायाला आराम द्या. मग बाजारहाट बंद होतो, जिना टाळला जातो, संध्याकाळचे फिरणे सुटते आणि काही महिन्यांत गुडघा पूर्वीपेक्षा जास्त आखडतो. या सल्ल्यामागची माया खरी असते, पण त्यामुळे नुकसान होते, कारण सांधा हा जिवंत अवयव आहे आणि त्याचे पोषणच हालचालीवर चालते.

हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारे अन्न मुख्यतः सांध्यातील द्रवातून मिळते. पाण्यात बुडवलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते आणि सोडला की पुन्हा आत शिरते, तसेच काहीसे येथे घडते. पाऊल टेकल्यावर दाबाने थोडा द्रव कूर्चेतून बाहेर पडतो आणि पाऊल उचलल्यावर तो परत आत ओढला जातो. एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, असे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ साली नोंदवले होते आणि ते आजही बहुतांशी खरे आहे. त्यामुळे व्यायामाने नवी कूर्चा उगवते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र कूर्चेला मज्जातंतूही नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर, सभोवतालचे स्नायू आणि स्नायुबंध. म्हणूनच एक्स-रे वाईट दिसूनही मजेत चालणारी माणसे भेटतात, तर एक्स-रे बरा असूनही विव्हळणारी माणसेही भेटतात. व्यायामाचा उपयोग होतो तो या सगळ्या आसपासच्या भागांवर.

आपल्याकडे ‘संधिवात’ या एकाच शब्दात अनेक आजार कोंबले जातात. येथे विचार करायचा आहे तो वयाबरोबर बळावणाऱ्या, झिजेच्या संधिवाताचा. आमवात हा वेगळा आजार असून त्याचे उपचारही वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये झिजेच्या संधिवाताचे जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख रुग्ण होते आणि त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३६ कोटी ५० लाख, गुडघ्याचे होते. हा केवळ शहरी, बैठ्या माणसांचा आजार नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतही कष्टकरी ग्रामीण माणसांच्या सांधेदुखीचे प्रमाण मोठे आढळले होते. म्हणून ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला’ हा प्रश्न नीट विचारात घ्यायला हवा. दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून केलेले काम गुडघ्यावर भार टाकते, पण सांध्याला आधार देणारे स्नायू ते मोजूनमापून वाढवत नाही.

चालणे, सायकल चालवणे, पोहणे अशा, श्वासाची गती वाढवणाऱ्या आणि काही वेळ सलग चालणाऱ्या व्यायामांना सध्या सर्वांत भक्कम आधार आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गुडघ्याच्या संधिवातावरील व्यायामाच्या २१७ चाचण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या, तेव्हा वेदना, हालचाल आणि जगण्याचा दर्जा या बाबतींत हाच प्रकार बहुतेक वेळा वरचढ ठरला. यामागची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. अशा व्यायामाने झोप सुधारते, शरीरातील मंद दाह कमी होण्यास मदत होते, मेंदूची वेदना दाबण्याची यंत्रणा जागी होते आणि आहाराची जोड मिळाल्यास वजनही उतरते. वजनाचा हिशेब तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. शरीराचे वजन एक किलो घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे अमेरिकेतील संशोधक स्टीफन मेसियर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले. दिवसाला पडणारी काही हजार पावले विचारात घेतली, तर चार-पाच किलो वजन कमी होण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना चालणेच सोसत नाही, त्यांनी पाण्यात चालावे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो. तलाव जवळ नसेल, तर एका जागी बसवलेली सायकल, तिची बैठक पुरेशी उंच ठेवून, हा चांगला पर्याय आहे.

स्नायूंच्या ताकदीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गुडघ्यात पाणी झाले की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा संदेश आपोआप मंद करते. माणूस मनापासून जोर लावत असतो, पण स्नायू पूर्ण आकुंचन पावत नाही आणि वापर घटल्याने दिवसेंदिवस रोडावतो. येथे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी जो साधा व्यायाम शिकवतात, त्याचे मोल कळते. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबत पाच-सहा आकडे मोजावेत. या वेळी वाटीच्या किंचित वर, मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवली, तर तिथला मऊ स्नायू घट्ट होताना हाताला जाणवतो. सुरुवातीला तो थरथरतो किंवा जेमतेम हलतो, पण रोज सराव ठेवला तर काही आठवड्यांत बोटांखालचा फरक स्वतःलाच समजतो. त्यानंतर खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, एका बुटक्या पायरीवर चढणे-उतरणे आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम, असा क्रम पुढे सरकतो. या व्यायामांत पायाला लावायचे वजन किती जड असावे, याबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट आहे. ३७७ रुग्णांवर १८ महिने चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत खूप जड वजनांनी केलेल्या व्यायामाने हलक्या व्यायामापेक्षा वेदना अधिक कमी झाल्या नाहीत. साठीच्या आजींना जिममध्ये लोखंड उचलायला लावण्याची गरज नाही.

जिन्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांमध्येच भारमापक बसवून २०१० मध्ये जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांनुसार सपाट जागी चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट. उतरताना अधिक दुखते ही तक्रार म्हणजे मनाचा खेळ नव्हे. चढताना चांगला पाय आधी वर टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, म्हणजे शरीर उचलण्याचे व सावरण्याचे काम चांगल्या पायाकडे राहते.

ताकद असूनही पाऊल डगमगते, गुडघा दगा देईल असे वाटते, अशा माणसांना तोल आणि ताबा शिकवणाऱ्या व्यायामांचा उपयोग होतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमाचा पाया हाच आहे. त्यात आजाराची माहिती देणारी दोन सत्रे आणि आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे देखरेखीखाली केलेले व्यायाम असतात. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत वळतो, याकडे प्रत्येक हालचालीत लक्ष दिले जाते. ताई ची या संथ चिनी व्यायामप्रकाराची तुलना २०१६ मध्ये फिजिओथेरपीशी केली गेली, तेव्हा २०४ रुग्णांमध्ये दोन्हींचा फायदा सारखाच दिसला. आपल्याकडे ही जागा योगासने घेऊ शकतात, पण निवड जपून करावी. वज्रासन, मालासन, पद्मासन यांत गुडघा अगदी टोकापर्यंत वाकतो. सुजलेल्या गुडघ्याने ती हट्टाने करण्यात काहीच शहाणपण नाही. उलट गुडघा पूर्ण सरळ होणे चालण्यासाठी फार मोलाचे असते. रात्री बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली कायम उशी घेऊन झोपल्यास तो वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो. ती सवय सोडलेली बरी.

व्यायाम करताना दुखले तर थांबावे का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. शून्य म्हणजे अजिबात वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, अशी पट्टी मनात धरली, तर दोनपर्यंतची वेदना निर्धोक, पाचपर्यंतची चालवून घेण्याजोगी मानली जाते, मात्र ती चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर परत यायला हवी. तसे झाले नाही, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करावा, बंद करू नये. सांधा लाल होऊन गरम झाला, अचानक सुजला, ताप आला किंवा गुडघा अडकून बसला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

फायदा किती होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सरासरीने पाहता तो माफक असतो आणि व्यायाम सोडला की काही महिन्यांत ओसरतो. डेन्मार्कमधील २०१५ च्या एका चाचणीत, सांधेरोपणाची गरज आहे असे ठरलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर व्यायाम, आहार व माहिती यांचा १२ आठवड्यांचा कार्यक्रम दिला गेला आणि उरलेल्यांना फक्त तो कार्यक्रम. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या, पण त्यांच्यात गंभीर गुंतागुंतही अधिक दिसली. शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या ५० जणांपैकी वर्षभरात केवळ १३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली.